खारीची आई

अंगणवाडीच्या दर्शनी भिंतीवर एक खार रंगवलेली होती. तिच्या पुढच्या पायांत अर्धी भाकरी होती आणि शेजारी, डोक्यावर पदर घ्यावा तशी शेपूट घेऊन, तिची आई उभी होती. खाली निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'आईला विचारून वाटून खावे.' गावात येणारा प्रत्येक साहेब या चित्रापुढे थांबायचा, मान डोलवायचा आणि ही गोष्ट कोणाची म्हणून विचारायचा. मग कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवायचं, मी पदर सारखा करायची आणि हसायची. वीसेक वर्षं मी अशी हसत आले.

खार पाचोऱ्याहून आलेल्या पेंटरने रंगवली. खारीची ती आई मात्र मी घातली. पहिल्या गोष्टीत खारीला आई नव्हती.

निवृत्त होऊन मला आता आठ महिने झाले. धुळ्याला मुलाकडे राहते. नातवाच्या नर्सरीत दर शनिवारी एखाद्या आजीला गोष्ट सांगायला बोलावतात. सून म्हणते, तुमचा तर जन्म त्यात गेला, जा ना एकदा. संस्काराची गोष्ट हवी असते, दहा मिनिटांची, शेवटी तात्पर्य पाहिजे. मी गुडघ्याचं कारण सांगते. गुडघे दुखतात हे खोटं नाही, पण खरं कारण ते नाही.

संस्कार हा शब्द ऐकला की आताशा माझं डोकं उठतं. मोठ्यांना स्वतःला जे जमत नाही ते तीन वर्षांच्या पोराच्या गळी उतरवायचं, आणि त्याने ते मनावर घेतलं की त्याच्याच कानाखाली वाजवायची, याला आपण संस्कार म्हणतो. हे मी कुठे वाचलेलं नाही. मी ते केलेलं आहे.

माझं माहेर दोंडाईचा. लग्न होऊन पाचोऱ्याकडच्या या गावात आले तेव्हा सासरच्या घरात दहावी झालेली मी एकटीच. अंगणवाडी निघाली आणि सेविका म्हणून मला घेतलं. आमचं घर गावातलं मोठं, कापसाचं आणि केळीचं. घरात राज्य मोठ्या जाऊबाईंचं. त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणायची. सरकारी काम म्हणून त्यांनी मला जाऊ दिलं. फक्त परत आल्यावर हातपाय धुऊनच चुलीजवळ यायचं, एवढी एक अट होती. ती अट का होती हे मला कळत होतं, आणि मी रोज हातपाय धूत होते.

अंगणवाडीत पस्तीस-चाळीस पोरं यायची. खिडकीखालची सतरंजी गावातल्या पोरांची आणि दाराजवळची बौद्धवाड्यातल्या पोरांची. तसं बसा म्हणून मी कधी सांगितलं नव्हतं, खिचडी शिजवणाऱ्या मदतनीस बाईंनीही सांगितलं नव्हतं. पोरं आत आली की पाणी उताराला लागावं तशी आपापल्या जागी जाऊन बसायची. तीन वर्षांच्या पोराला हे कोण शिकवतं, असा मला प्रश्न पडायचा. ज्या घरात मी दोन वेळा जेवत होते तिथेच त्याचं उत्तर होतं, पण तिथे मी तोंड उघडत नव्हते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशातली गत.

तर मी एक गोष्ट रचली. तक्त्यावरच्या गोष्टी पोरांना पाठ झाल्या होत्या, म्हणून ही माझ्या मनाने केली. बांधावर एक निंबाचं झाड असतं. त्यावर एक खार राहते. चैत्राचं ऊन, शेतात खायला दाणा नाही. एक दिवस तिला कोणाच्या तरी शिदोरीतून पडलेली भाकरी सापडते. समोरच्या बांधावर बाभूळ असते आणि तिच्यावर दुसरी खार असते. या दोघी कधी एकमेकींशी बोललेल्या नसतात. का, ते त्यांनाही माहीत नसतं. निंबावरची खार भाकरीचे दोन तुकडे करते, तापलेल्या ढेकळांवरून पाय भाजत पलीकडे जाते, बाभळीवर चढते आणि म्हणते, "आधी तुना घास, मंग मना."

समोरचीने घास घेतल्याशिवाय आपण खायचं नाही, हा त्या खारीचा नियम होता. गोष्ट संपली की मी पोरांना खाऊ द्यायची, आणि प्रत्येकाने आपला अर्धा दुसऱ्या सतरंजीवरच्या कोणाला तरी द्यायचा. "आधी तुना घास, मंग मना," असं चाळीस पोरं एका सुरात म्हणायची तेव्हा शेजारच्या ग्रामपंचायतीत लिहीत बसलेला शिपाईसुद्धा हसायचा. महिनाभरात सतरंज्या एक झाल्या. मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की विचारू नका. आपण गाव बदलतोय असं मी समजत होते. सरकारी चार भिंतींत सगळंच चालतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बौद्धवाड्यातून एक पोर यायची. पाच वर्षांची, दात पडलेली, सतत नाक वर ओढणारी. तिचे वडील गवंडीकाम करायचे, आई शेतात मजुरीला जायची. आमच्याही शेतात कापूस वेचायला यायची. या पोरीची आणि आमच्या अक्कांच्या नातीची गट्टी जमली. सतरंज्या एक झाल्यापासून दोघी मांडीला मांडी लावून बसायच्या. खारीची गोष्ट त्या पोरीला शब्दन् शब्द पाठ होती. मी मुद्दाम चुकले तर मला थांबवून दुरुस्त करायची.

मग आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीच्या वरचा सण. निंबाला झोके बांधलेले, माहेरवाशिणी आलेल्या, घरोघरी आमरस आणि मांडे. त्याच दिवशी पितरांनाही जेवू घालतात. पाण्याने भरलेल्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, चुलीतला विस्तव काढून त्यावर सगळ्या सैपाकाचा पहिला घास वाहायचा. त्याला आगारी म्हणतात. आगारी होईपर्यंत घरातलं लहान पोरही तोंडाला काही लावत नाही.

त्या दिवशी दुपारी आमच्या सैपाकघरात आम्ही पाच बायका होतो. चुलीवर खापर तापलेलं. मी मांडे करत होते. पुरणाचा उंडा हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि खापरावर टाकायचा, हे काम आमच्या घरात अक्का आणि मी, दोघींनाच जमायचं. आबा, म्हणजे अक्कांचे मालक, सोवळं नेसून आगारीसाठी पाटावर बसलेले. ताट वाढून झालेलं होतं. अक्कांची नात आजीच्या पाठीशी, भूक लागली म्हणून कुरकुरत होती.

इतक्यात ती पोर आत आली. मागच्या दाराने, सरळ, अनवाणी. बाहेर फुफाटा तापलेला, ती धावत आली होती आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. हातात रवा-गुळाची सांजोरी होती. त्यांच्याकडे आखाजीची पूजा नसायची, पण गावभर तळणाचा वास सुटला की पोरांसाठी तिची आईही चार सांजोऱ्या करायचीच. पोरीने सांजोरीचे दोन तुकडे केले, मोठा तुकडा आमच्या नातीच्या तोंडात घातला आणि मोठ्याने म्हणाली, "आधी तुना घास, मंग मना."

आमच्या नातीने तो खाल्ला. तिला भूक लागली होती.

पुढचं सगळं फार वेळ चाललं नाही. अक्कांनी नातीच्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढला आणि राखेत टाकला. आबा पाटावरून उठले आणि बाहेर गेले. वाढलेलं ताट, रस, पुरण, सगळीकडे अक्कांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "बठ्ठा सैपाक बाटी गया." मग त्या पोरीकडे वळल्या. "कोनी येऊ दिधी इले घरमा?"

पोर घाबरलेली नव्हती. आपण चुकलो असं तिला वाटतच नव्हतं. तिने मला चुलीपाशी पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला, कारण आता सगळं समजावून सांगणारं माणूस तिला सापडलं होतं. ती अक्कांना म्हणाली, "ताईनी सांगेल शे. गोट मा." आणि माझ्याकडे बघून, "ताई, तूच सांगी व्हती ना?"

चारही बायका माझ्याकडे बघत होत्या. अक्कांनी विचारलं, "काय व, हाई शिकाडस तू पोरेसले?"

मी म्हणाले, "मी असं काही सांगं नही."

एवढंच म्हणाले. कोणी मारलं नव्हतं मला, कोणी घरातून काढत नव्हतं. फार तर अक्का महिनाभर बोलल्या नसत्या. तेवढ्यासाठी मी पाच वर्षांच्या पोरीला तोंडावर खोटं पाडलं. तिने दोन-तीनदा माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांची उघडझाप केली. रडली नाही. उरलेला तुकडा मुठीत धरून आली तशी मागच्या दाराने गेली. ज्या नियमाने खार समोरचीने खाल्ल्यावर खाते, त्या नियमाने, समोरचीचा घास राखेत गेल्यावर, तिला आता तो खाता येणार नव्हता, हे मला तेव्हाच सुचलं आणि आजही सुचतं.

सगळा सैपाक गाई-म्हशींना घातला. सैपाकघर सारवलं, चूल सारवली, आम्ही पुन्हा आंघोळी केल्या आणि पुन्हा मांडे करायला बसलो. माझा एकही मांडा हातावर फाटला नाही. हात थरथरले असते तर निदान मला स्वतःबद्दल काहीतरी बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीची आई अंगणवाडीत आली. कामावर जायच्या कपड्यांत, डोक्याला फडकं बांधलेली. दाराबाहेरच उभी राहिली. मला वाटलं आता शिव्या घालणार, आणि मी मनाची तयारी केली होती. शिव्या घातल्या असत्या तर माझं सोपं झालं असतं.

"ताई, मी भांडाले नही उनू," ती म्हणाली. "एकच इचारनं शे. पोर म्हनस, गोट ताईनी सांगी. तुम्ही म्हनतस, सांगी नही. मंग मनी पोर खोटं बोलस का? बोलत व्हई ते मी तिले समजाडसू. इतलंच सांगा."

आत पोरं गोंधळ घालत होती. मदतनीस बाई तांदूळ निवडता निवडता कान देऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडून गेलेली गोष्ट दुपारपर्यंत अक्कांच्या ओट्यावर पोचायची हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "अहो, लहान पोरं आहेत. एकातलं दुसऱ्यात जोडतात. ती खोटं बोलते असं नाही, पण…"

ती पुढचं ऐकायला थांबली नाही. "रोज सांजले सांगस ती ही गोट मले," ती म्हणाली. "निंब, बाभूय, ढेकळं, बठ्ठं. पाच वरीसनी पोर इतलं मनथून बनाडत नही, ताई." मग म्हणाली, "बरं." त्या 'बरं'मध्ये राग नव्हता. तिला जे समजून घ्यायचं होतं ते समजलं होतं. पोरीला आत ढकलून ती शेतावर गेली. त्या दिवशी तिला जायचं होतं ते शेत आमचंच होतं.

त्यानंतर आठवड्याभरात मी गोष्ट दुरुस्त केली. अक्कांनी सांगितलं नव्हतं. अक्कांनी तर विषयच काढला नाही, नात मात्र पंधरा दिवस घरी ठेवली. गोष्ट मी आपणहून बदलली, म्हणजे पुन्हा तसा प्रसंग नको. आता भाकरी सापडल्यावर खार आधी आईकडे जाते. आई म्हणते, शहाणी गं माझी बाय, वाटून खावं, पण आपल्या झाडावरच्यांना दे, दुसऱ्या झाडावर जाऊ नको, ऊन फार आहे. मग खार आपल्याच झाडावरच्या चिमणीला अर्धी भाकरी देते आणि सगळे शाबास म्हणतात. ऊन फार आहे, हे मी मुद्दाम घातलं. कारण दिल्यासारखं वाटावं म्हणून.

पोरांनी नवी गोष्ट ऐकली. ती पोर पुन्हा दाराजवळ बसायला लागली होती. गोष्ट संपल्यावर तिने हात वर केला. "ताई, पह्यले खारले माय नव्हती ना?"

मी म्हणाले, "सगळ्यांना आई असते."

तिने हात खाली घेतला. त्यानंतर वर्षभर ती माझ्याकडे होती. तिने मला कधी दुरुस्त केलं नाही.

गंमत पुढे आहे. तालुक्याच्या मासिक बैठकीत प्रत्येकीने स्वतः रचलेली एक गोष्ट सांगायची असं ठरलं आणि मी हीच सांगितली. पहिली सांगायचा धीर झाला नाही, आणि तिसरी मला येत नव्हती. पर्यवेक्षिका बाईंना ती इतकी आवडली की त्यांनी सगळ्या सेविकांना उतरवून घ्यायला लावली. दातृत्व आणि आज्ञाधारकपणा, दोन मूल्यं एकाच गोष्टीत, असं त्या म्हणाल्या. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. मग भिंतीवर चित्र आलं. मग इतर गावांच्या भिंतींवरही आलं. एकदा असोद्याला नातेवाइकांकडे लग्नाला गेले होते तर तिथल्या एका ओट्यावर एक आजी नातवाला तीच गोष्ट सांगत होती, आणि ऊन फार आहे तिथे तिने आवाज असा मऊ केला होता की मला मंडपात जेवण गेलं नाही. चांगली गोष्ट चार भिंतींत सहा महिने जगली. वाईट गोष्टीला पाय फुटले.

पोर मोठी झाली. गावच्या शाळेत, मग पाचोऱ्याला, मग डी.एड. शिक्षकभरतीची वाट बघत घरी बसली. रस्त्यात भेटली की "काय ताई" म्हणायची, थांबायची, गुडघ्याची चौकशी करायची. नीट वागायची. तिच्या नीट वागण्याचा मला त्रास व्हायचा. दरवेळी वाटायचं, आता बोलावं. बाई गं, ती गोष्ट मीच सांगितली होती, तू खरं बोलत होतीस, एवढं एक वाक्य. मग कोणीतरी यायचं, किंवा तिला एसटी पकडायची असायची, किंवा मीच म्हणायची, ती विसरली असेल, कशाला खपली काढा. माणूस स्वतःची सोय पाहायला बसला की त्याला कारणांचा तोटा पडत नाही.

मी निवृत्त व्हायच्या वर्षी माझी सेविकेची जागा भरायला निघाली. गुणांची यादी लागली आणि तिचं नाव पहिलं आलं. गावात उघड कोणी काही बोललं नाही, आता कोणी बोलत नाही. पण महिन्याभरात आमच्या आळीतल्या चार घरांनी आपली पोरं पाचोऱ्याच्या इंग्लिश नर्सरीच्या गाडीत बसवली. विचारलं तर म्हणाले, इंग्लिशशिवाय काय शे आते. त्या पोरांना मराठी 'क' येत नव्हता. अक्का आता अंथरुणाला खिळल्यात. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कोनती, सांजोरीवाली?" म्हणजे कोणीच विसरलं नव्हतं.

कामाची माहिती द्यायला आम्ही दोघी आठवडाभर बरोबर होतो. मी ठरवूनच गेले होते की या आठवड्यात ते वाक्य बोलायचं. सोमवारी वजनकाटा दाखवला, मंगळवारी लसीकरणाची यादी. बुधवारी बोलणार होते तर गरोदर बायांची तपासणी निघाली. गुरुवारी आम्ही दोघीच चहा घेत बसलो होतो, मदतनीस बाई घरी गेलेल्या, यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती. मी म्हणाले, "तुझ्या लहानपणी…" ती कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. शांतपणे, घाई नसल्यासारखी. मी म्हणाले, "तुझ्या लहानपणी इथे पत्रे होते. पावसाळ्यात फार गळायचे." ती म्हणाली, "हो, आठवतं ना," आणि कप विसळायला उठली.

शेवटच्या दिवशी मी तिला म्हणाले, आज गोष्ट तू सांग. मी मागे भिंतीला टेकून, पाय लांब करून बसले. तिने पोरांना उठवलं आणि ज्या भिंतीवर बाहेरून चित्र होतं तिच्याकडे पाठ करून बसवलं. मग सुरुवात केली. बांधावर निंबाचं झाड. चैत्राचं ऊन. शिदोरीतून पडलेली भाकरी. समोर बाभूळ.

शब्दन् शब्द तोच होता, कुठे थांबायचं तेही तेच. मी स्वतः विसरले होते ते तिच्याकडे होतं. बाभळीचा काटा खारीच्या पायात रुततो, हे मीच घातलं होतं आणि मला आठवत नव्हतं.

मधेच एक चिंगुली पोरगी, चित्राच्या गोष्टीवर वाढलेली, उठून उभी राहिली. "ताई, तिनी मायले इचारं नही."

"हाई येगळी खार शे," ती म्हणाली. "बस खाली."

आणि खार बाभळीवर चढली आणि म्हणाली, आधी तुना घास, मंग मना. पोरांना ते पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. त्यांनी ते लगेच उचललं, ओरडून ओरडून म्हणायला लागली. खाऊ वाटला. प्रत्येकाने आपला अर्धा शेजारच्याला दिला. दाराजवळ आणि खिडकीखाली अशा दोन सतरंज्या आता नव्हत्या, कारण खिडकीखालची बरीचशी पोरं इंग्लिशच्या गाडीत गेली होती.

त्याच चिंगुलीने खाता खाता विचारलं, "ताई, हाई गोट तुले कोनी सांगी?"

मी ताठ बसले. खरं सांगते, त्या क्षणी मला भीतीपेक्षा आशा जास्त वाटली. तिने माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर मी सगळ्या पोरांसमोर, मदतनीस बाईंसमोर, हो म्हणणार होते. एकवीस वर्षांनी का होईना.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मनी मायनी," ती म्हणाली. "रोज सांजले सांगे. मी मोठी व्हयनू तरी सांगे."

मला ती आई दिसली, डोक्याला फडकं बांधलेली, दाराबाहेर उभी. बरं म्हणून शेतावर गेलेली. दिवसभर आमचं शेत निंदून ती संध्याकाळी घरी गेली असेल, आणि त्या दिवशी पोरीऐवजी तिनेच पोरीला गोष्ट सांगितली असेल, म्हणजे पोरीला वाटायला नको की आपण मनानेच काहीतरी रचलं. मग रोजच सांगितली असेल. ज्या बाईला अंगणवाडीच्या आत यायला मी सांगितलं नव्हतं, तिने माझं काम केलं होतं.

आणि पोर खोटं बोलत नव्हती. मी असं काही सांगं नही, हे मीच तिला सांगितलं होतं. तिने ताईचं ऐकलं होतं.

पोरं गेली. मी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला. आम्ही बाहेर आलो. ती कुलूप लावून भिंतीसमोर थांबली आणि चित्राकडे बघत म्हणाली, "ताई, पुढच्या महिन्यात भिंत रंगवायला पैसे येणार आहेत. हे पुसून घ्यावं म्हणते. तुमच्या गोष्टीचं आहे ना हे?"

खारीच्या आईचा रंग उडाला होता, शेपटाचा पदर तेवढा शाबूत होता. समोरच्या ओट्यावर दोन-तीन माणसं बसली होती, ती आमच्याकडेच बघत होती.

"हो," मी म्हणाले. "ही माझी."